हंपीची गर्दी, आईचे गुडघे आणि 10 हजार रुपये

सांगली जिल्ह्यातल्या एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. वय 29, खासगी शिकवणीत गणित शिकवतात. घरी त्या आणि आई, दोघीच. आई 62 वर्षांच्या, माळकरी. गुडघ्यांमुळे पायी वारी सुटली, त्याला काही वर्षं झाली. पंढरीचा पांडुरंग कधीकाळी हंपीला नेला होता असं त्यांनी कीर्तनात ऐकलेलं. ते देऊळ बघावं, तिथे दर्शन घ्यावं अशी त्यांची इच्छा आहे. लेकीने पगारातून थोडे थोडे करत 10 हजार रुपये बाजूला टाकलेत. शिकवणीला सलग सुट्टी मिळते ती फक्त नाताळच्या आठवड्यात. तेवढ्यात एका सहकाऱ्याने मागच्या डिसेंबरातले फोटो दाखवले. तिथल्या विठ्ठल मंदिरातला प्रसिद्ध दगडी रथ दिसतच नव्हता, नुसती माणसं. भाऊ पुण्याला असतो. तो म्हणतो, एवढ्याशा पैशात आईचे हाल करू नकोस, दोन वर्षांनी गाडी करून नीट जाऊ. मैत्रीण म्हणते, सरळ पॅकेज घे. वाचक विचारतात, ‘पै-पै साठवून शेवटी गर्दीत धक्केच खायचे असतील आणि अर्धवट बघून परतायचं असेल, तर जावं तरी का? की थांबावं?’

तुमच्या पत्रात गर्दी आणि पैसा यांवर दोन पानं आहेत आणि आईंच्या इच्छेवर दोन ओळी. मी त्या दोन ओळींपासून सुरुवात करते, कारण मला खरी अडचण तिथे दिसते. आईंना हंपीच्या विठ्ठल मंदिरात दर्शन घ्यायचं आहे. त्या मंदिरात विठ्ठल नाही. गाभारा रिकामा आहे. 1565 च्या जानेवारीत तालिकोटच्या लढाईत विजयनगरचा पराभव झाला. समोर विजापूर, अहमदनगर, गोवळकोंडा आणि बिदर अशा सुलतानांच्या एकत्र झालेल्या फौजा होत्या. पुढे राजधानी, म्हणजे आजचं हंपी, लुटली गेली, जाळली गेली, आणि या देवळातली पूजाअर्चा संपली. आज तिथे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचा फलक आहे, पहारेकरी आहेत, तिकीट आहे. घंटा नाही, तुळस नाही, बुक्का नाही.

हे त्यांना तिथे पोहोचल्यावर कळू देऊ नका. घरी, निवांत बसून सांगा. दिवसभराचा प्रवास करून, गुडघे सांभाळत आत जायचं आणि रिकाम्या अंधाराला हात जोडायचे, हा धक्का कुठल्याही गर्दीच्या धक्क्यापेक्षा मोठा असेल.

आणि सांगताना कीर्तनात त्यांनी ऐकलेली कथाच पुढे न्या. परंपरा सांगते की विजयनगरच्या राजाने, बहुतेक जण कृष्णदेवरायाचं नाव घेतात, पांडुरंगाची मूर्ती पंढरपुराहून आपल्या राजधानीत नेली. मग पैठणचे संत भानुदास, म्हणजे संत एकनाथांचे पणजोबा, तिथे गेले आणि देवाला परत घेऊन आले. या कथेच्या ऐतिहासिक बाजूवर अभ्यासकांचं एकमत नाही आणि तुम्हाला ते सोडवायचंही नाही. पण कथा मानणाऱ्या माणसाला तो गाभारा रिकामा दिसणं सुसंगतच आहे. देव आपल्या घरी, पंढरीला आहे. आईंना हे तुम्ही समजावून सांगावं लागेल असंही मला वाटत नाही. फक्त आधी कळायला हवं. कळल्यावर ‘तरी जाऊ’ म्हणतात की ‘मग नको’ म्हणतात, ते त्यांना ठरवू द्या. त्यांनी ‘नको’ म्हटलं तर पुढचं सगळं गैरलागू. तेच पैसे पंढरपुरात चार दिवस निवांत राहण्यासाठी वापरा, बिनगर्दीची तिथी बघून.

माझा अंदाज आहे की त्या ‘जाऊ’ म्हणतील. तसं धरून पुढे लिहिते.

आता गर्दी. त्यांना गर्दी चालणार नाही हे कोणी ठरवलं? तुमच्या पत्रात आईंचं याबाबतचं एकही वाक्य नाही. ज्या बाईने आयुष्यभर दिंडीत पावलं टाकली, वाळवंटात लाखो माणसांत पथारी टाकली, दर्शनबारीत रात्र काढली, तिला दगडी रथाभोवतीच्या शे-दोनशे माणसांची धास्ती वाटेल का? त्यांना त्रास होईल तो उभं राहण्याचा, पायऱ्यांचा आणि स्वच्छतागृह लांब असण्याचा. हे तिन्ही प्रश्न गर्दीपेक्षा वेगळे आहेत आणि त्यांची सोय करता येते. गर्दीचा त्रास, मला वाटतं, तुम्हाला होणार आहे. त्यात अपराधी वाटण्यासारखं काही नाही. तुम्हाला त्या दगडांसमोर एकटीने उभं राहायचं आहे. रोज शंभर मुलांच्या गलक्यात शिकवणाऱ्या माणसाला शांतता हवी असते, हे मी समजू शकते. पण मग प्रश्न स्वच्छ मांडू या. आईंना विठ्ठलाचं देऊळ हवं आहे आणि तुम्हाला शांतता हवी आहे. हंपी एवढं मोठं आहे की दोन्ही मिळू शकतं, मात्र एकाच जागी आणि एकाच वेळी नाही.

तुमच्या मनात दुसरं एक गृहीतक आहे, ते जरा हलवून बघते. ‘गर्दी नसलेलं हंपी हेच खरं हंपी’ असं आपण सगळेच धरून चालतो. फोटोंनी ती सवय लावली आहे. पण ही जागा कशी बांधली आहे ते बघा. विरूपाक्ष मंदिरासमोर सुमारे पाऊण किलोमीटर लांबीचा रस्ता आहे आणि दोन्ही बाजूंनी दगडी खांबांच्या ओवऱ्या. विठ्ठल मंदिरासमोर तसाच, त्याहूनही लांब रस्ता. अच्युतरायाच्या देवळासमोरही तेच. हे बाजार होते आणि रथ ओढायच्या वाटाही होत्या. पोर्तुगीज प्रवासी डोमिंगो पाएश 1520 च्या सुमाराला इथे आला. त्याने या बाजारांतली हिरे-माणकं, मोती, कापड यांची वर्णनं केली आहेत आणि शहर रोमएवढं मोठं वाटलं असं लिहून ठेवलं आहे. त्याच्या आधी 1443 मध्ये इराणकडचा राजदूत अब्दुर रझाक आला, त्यानेही इथल्या महानवमीच्या सोहळ्याचं वर्णन केलं. राजा ज्या चौथऱ्यावर बसून तो सोहळा बघायचा तो महानवमी दिब्बा तुम्ही बघालच. त्याच्या अंगावर हत्ती, घोडे, शिकारी, नाचणाऱ्या बायका, कुस्तीगीर असे थर कोरले आहेत. जवळच्या हजार राम मंदिराच्या बाहेरच्या भिंतीवरही तशीच मिरवणूक आहे, ओळीत हत्ती, ओळीत घोडे, ओळीत सैनिक. कोरणाऱ्यांनी माणसं वगळली नाहीत, भरभरून कोरली. रिकामं हंपी हे 1565 नंतरचं हंपी आहे.

असं म्हणून मी तुम्हाला गर्दी गोड मानून घ्या असं सांगत नाही. आजच्या गर्दीत स्पीकर असतात, खांबांवर नावं कोरणारे हात असतात. 2019 मध्ये काही तरुणांनी इथला उभा खांब ढकलून पाडला आणि त्याचा व्हिडिओ फिरवला. न्यायालयाने त्यांना प्रत्येकी 70 हजार रुपये दंड केला आणि खांब परत उभा करायला लावला. हे आठवून मला आजही राग येतो. विठ्ठल मंदिरातले सूर देणारे खांब वाजवून बघायला आज बंदी आहे, ती अशाच हातांमुळे. गर्दीवर राग असेल तर तो याच्यावर असावा. शेजारी उभं राहून सेल्फी काढणाऱ्या कुटुंबावर नको. तेही तुमच्यासारखेच, मिळालेल्या चार सुट्ट्यांत आलेले असतात.

गर्दीची एक गोष्ट तुमच्या फायद्याची आहे. ती आळशी असते. युनेस्कोने 1986 मध्ये जागतिक वारसा म्हणून नोंदवलेलं हे क्षेत्र 4 हजार हेक्टरांहून मोठं आहे आणि त्यात 1600 हून अधिक अवशेष आहेत. त्यातल्या मोजक्या जागी सगळे जातात: विरूपाक्ष, विठ्ठल मंदिरातला रथ, कमळ महाल आणि गजशाळा. बसगाड्या, सहलीच्या मुलांचे जथे, जवळच्या होसपेट शहरातून येणाऱ्या जीपगाड्या, सगळ्यांचा क्रम साधारण एकच. मुख्य वाट सोडून थोडं आत गेलं की माणूस दिसत नाही. कमलापूरजवळचं पट्टाभिराम मंदिर आकाराने विठ्ठल मंदिराच्या तोलाचं आहे, पण भर सुट्टीतही तिथे कधी कधी फक्त पहारेकरी भेटतो. तुम्हाला हवी असलेली शांतता तिथे आहे. मोठं आवार, खांबांचा मंडप, बसायला सावली, आणि रिक्षा दारापर्यंत जाते, त्यामुळे आईही सोबत येऊ शकतील.

अच्युतरायाचं देऊळ मात्र तुमच्या एकटीसाठी ठेवा. हंपी बाजाराच्या पूर्व टोकाला एकाच दगडातला मोठा नंदी आहे, त्याच्या बाजूने पायऱ्या चढून पलीकडे उतरलं की हे देऊळ येतं. पायऱ्या ओबडधोबड आहेत, आईंच्या गुडघ्यांना नकोत. त्यासाठी एक सकाळ अशी लावा: उजाडल्यावर दोघी विरूपाक्षाला जा. तिथे रोजची पूजा चालते, दिवे असतात, फुलं असतात. हंपीत ‘दर्शन’ घडायचं असेल तर ते इथे. आईंना हव्या तितक्या वेळ बसू द्या. कानडी दोन शब्द येत असतील तर शेजारच्या बायकांशी त्यांचं जमेल, तुमच्या भागात ती भाषा कानावरून गेलेली असतेच. तुम्ही त्या तासा-दीड तासात अच्युतराय बघून परत या. उजेड पडायच्या आधी निघू नका, फोन चालू ठेवा आणि संध्याकाळी अंधारल्यावर अशा आडवाटेला अजिबात नको. एकट्याने फिरणाऱ्या सगळ्या वाचकांना हे सांगते, मुलग्यांनाही.

विठ्ठल मंदिरासाठी नियम एकच: दार उघडायच्या वेळी तिथे असा. वाहनं सुमारे एक किलोमीटर अलीकडे थांबवतात. पुढे बॅटरीवर चालणाऱ्या गाड्या असतात, तिकीट थोडंच असतं, पण सुट्टीत दुपारकडे त्यांची रांग लांबते आणि आईंना उभं राहावं लागेल ते याच रांगेत. सकाळी लवकर गेलात तर हा प्रश्नच येत नाही. आत गेल्यावर बहुतेक जण थेट रथाकडे धावतात. तुम्ही आधी बाजूच्या मंडपांत जा, खांबांवर पुढचे पाय उचलून उभे असलेले घोडे आणि व्याल, म्हणजे सिंहासारखे काल्पनिक प्राणी, बघा, रथाजवळची पहिली लाट ओसरू द्या.

रथाबद्दल आईंना सांगण्यासारखं बरंच आहे. तो रथ म्हणजे गरुडाचं देऊळ आहे, देवासमोर वाहन असतं तसं. 50 रुपयांच्या नव्या नोटेवर तोच आहे, नोट सोबत ठेवा, त्यांना तुलना करून बघायला आवडेल. पूर्वी त्याच्यावर विटांचं शिखर होतं. 1856 मध्ये अलेक्झांडर ग्रीनलॉ या इंग्रज अधिकाऱ्याने काढलेल्या छायाचित्रात ते दिसतं, आज नाही. पुढचे हत्ती मूळचे नव्हेत. तिथे घोडे होते आणि त्यांच्या खुणा नीट पाहिलं तर मागे सापडतात. एवढं माहीत असलं की पाच मिनिटं निरखून बघता येतं, आणि तेवढा वेळ रथासमोर मिळतोच.

गाभारा झाल्यावर लगेच परत फिरू नका. मंदिराच्या बाहेर, नदीच्या बाजूला पुरंदरदास मंडप आहे. पुरंदरदास कानडीत विठ्ठलाची पदं रचणारे संत, 1564 मध्ये निवर्तले, विजयनगर पडायच्या एक वर्ष आधी. त्यांच्या प्रत्येक पदाच्या शेवटी ‘पुरंदर विठ्ठल’ ही नाममुद्रा येते. तुंगभद्रेच्या काठी, तिच्या पाण्याकडे तोंड करून तो साधा दगडी मंडप उभा आहे. आईंना नामस्मरण करत बसायचं असेल तर हंपीत याहून योग्य जागा मला माहीत नाही. तिकडे जाणारी वाट थोडी खडकाळ आहे, त्यामुळे हात धरून, सावकाश. पाणी चढलेलं असेल तर लांबूनच.

तिकिटाचं गणित तुम्हालाच जमेल, पण एक गोष्ट लक्षात ठेवा. भारतीयांसाठी 40 रुपयांचं एकच तिकीट विठ्ठल मंदिर, कमळ महालाचं आवार आणि कमलापूरचं संग्रहालय या तिन्हींना त्याच दिवशी चालतं. म्हणून ही तीन ठिकाणं एका दिवसात घ्या, दुसऱ्या दिवशी तिकिटाविना दिसणारं सगळं. मोबाइलवरून आधी काढलंत तर खिडकीची रांग टळते. संग्रहालय शुक्रवारी बंद असतं. त्याच्या अंगणात हंपीचा मोठा नकाशावजा देखावा मांडलेला आहे, डोंगर, नदी, देवळं सगळं एका नजरेत. तो बघितल्यावर आईंना आपण कुठून कुठे आलो हे उमगेल, आणि चालू न शकल्यामुळे राहिलेल्या जागाही तिथे बसून दाखवता येतील.

मातंग टेकडी आईंसाठी विसरा. सूर्यास्त बघायचाच असेल तर हेमकूट टेकडी. उतरत्या सपाट खडकांवरून हळूहळू चढता येतं, छोटी जुनी देवळं आहेत, गर्दी असते पण खडक एवढा पसरला आहे की प्रत्येकाला आपली जागा मिळते. नाहीतर माल्यवंत रघुनाथाचं देऊळ, तिथे वाहन जवळजवळ वरपर्यंत जातं आणि आत रामायणाचं अखंड पठण चालू असतं. हंपीत बहुतेक सगळे सूर्यास्ताचा फोटो काढायला येतात, पण इथे आईंच्या कानालाही काही मिळेल.

आता भावाचं म्हणणं. ते काळजीपोटी आहे हे उघड आहे, म्हणून ते झटकू नका. पण त्याला दोन प्रश्न विचारा. दोन वर्षांनी आईंचे गुडघे आजच्यापेक्षा बरे असतील का? आणि ‘हाल’ म्हणजे त्याला नेमकं काय दिसतंय? उत्तर बहुधा प्रवास आणि खोली हे असेल. मग पैसे तिथेच घालू या आणि बाकी ठिकाणी वाचवू या. तो मदत करू म्हणाला तर खोलीचं भाडं त्याला देऊ द्या. भावाचा हात लागला म्हणून सहल तुमची राहत नाही असं नसतं.

मिरजेहून हरिप्रिया एक्सप्रेस थेट होसपेटला जाते, बदलाबदली नाही. शयनयानाचं भाडं माणशी 300 रुपयांच्या आसपास. होसपेटला पोहोचेपर्यंत रात्र होते, म्हणून पहिला मुक्काम स्टेशनजवळ, होसपेटलाच. तिथून हंपी 13 किलोमीटर, दिवसभर बस असतात. कर्नाटकातला महिलांचा मोफत बसप्रवास त्या राज्यातल्या रहिवासी महिलांसाठी आहे, तुम्हाला तिकीट काढावं लागेल, ते किरकोळ आहे. नाताळच्या आठवड्यात खोल्यांचे दर चढतात आणि विरूपाक्षाजवळच्या घरगुती खोल्या आधी भरतात. नदीपलीकडच्या विरूपापूर गड्डे इथल्या स्वस्त झोपड्यांविषयी जुनी माहिती वाचलीत तर ती सोडून द्या. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर 2020 मध्ये ती बांधकामं पाडली गेली. तुमच्यासाठी होसपेट किंवा कमलापूरच बरं. तळमजल्याची खोली आणि कमोड आहे का, हे फोनवर विचारूनच पैसे पाठवा. एक दिवस मात्र रिक्षा पूर्ण दिवसासाठी ठरवा, हजार-दीड हजार जातील, सुट्टीत थोडे जास्तही. विठ्ठल मंदिर, संग्रहालय, कमळ महाल, हजार राम, पट्टाभिराम हे सगळं त्याच दिवशी. हा खर्च चैन समजू नका, आईंचं हंपी बघणं त्यावरच अवलंबून आहे. काटकसर तुम्ही जेवणात सहज करू शकता, आणि त्यात काही हुकणार नाही: होसपेटच्या खानावळींत ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि एण्णेगाई, म्हणजे भरली वांगी, मिळते, आईंना परकं वाटणार नाही. तीन रात्री, दोघी, हे सगळं धरून 10 हजारांत बसतं, थोडी ओढाताण होईल ती खोलीच्या भाड्यात.

पॅकेजला मी वाईट म्हणणार नाही. ज्यांना रेल्वेचं आरक्षण, अनोळखी भाषा, खोली शोधणं यांचीच भीती वाटते त्यांच्यासाठी तो चांगला मार्ग आहे आणि एकट्या ज्येष्ठांसाठी तर बऱ्याचदा तोच एक असतो. पण स्वस्तातल्या सहलीत हंपीला साधारण एक दिवस येतो, बस बरोबर गर्दीच्या तासाला पोहोचते आणि ‘पंधरा मिनिटांत परत या’ असं सांगितलं जातं. ज्या बाईला पायऱ्या उतरायलाच पाच मिनिटं लागतात तिच्या वाट्याला मग उरतं काय? कमी पैशांत फिरणाऱ्याकडे एकच गोष्ट बक्कळ असते, ती म्हणजे आपली वेळ आपल्या हातात असणं. पॅकेजमध्ये तुम्ही तीच देऊन टाकता.

वाटाड्या घ्यावा का, असं बरेच वाचक विचारतात. एका दिवसासाठी जरूर घ्या, ओळखपत्र असलेला, दर आधी ठरवून. दोघींना परवडत नसेल तर लॉजवर उतरलेल्या दुसऱ्या एखाद्या कुटुंबाला विचारा, वाटून घेतला की माणशी खर्च कमी येतो. आणि पाणी, केळी, फुलं, शहाळं हे तिथल्याच विक्रेत्याकडून घ्या, फार घासाघीस न करता. विरूपाक्षासमोरच्या त्या लांब बाजारात, जुन्या दगडी ओवऱ्यांत अनेक कुटुंबं राहत होती, दुकानं चालवत होती. 2011 मध्ये वारसा जपण्यासाठी त्यांना तिथून हलवलं गेलं. ओवऱ्या मोकळ्या झाल्या, पण त्या माणसांचं पोट अजूनही तुमच्या-माझ्यासारख्यांच्या येण्यावर आहे. दहा-वीस रुपयांसाठी त्यांच्याशी हुज्जत घालून बजेट सांभाळणं मला पटत नाही.

ज्यांना सुट्टीची अट नाही त्या वाचकांनी नाताळचा आठवडा, जोडून आलेल्या सुट्ट्या आणि शनिवार-रविवार टाळावेत. नोव्हेंबरातले किंवा फेब्रुवारीच्या सुरुवातीचे मधले वार उत्तम. मार्चनंतर खडक तापतात, वृद्ध माणसांना घेऊन तेव्हा जाऊ नका, दर कितीही उतरलेले असले तरी. आणि देऊळ हेच हवं, हंपीच हवं असं नसेल, तर बदामी, ऐहोळे, पट्टदकल या चालुक्यांच्या जागा आहेतच. पण तुम्हाला मी ते सुचवत नाही. आईंनी विठोबाचं नाव घेतलं आहे.

तेव्हा क्रम असा ठेवा. आधी आईंशी गाभाऱ्याबद्दल बोला. त्या ‘जाऊ’ म्हणाल्या तर दिनदर्शिका काढून त्या आठवड्यात एकादशी येते का बघा, येत असेल तर उपवासाचं सोबत न्यावं लागेल आणि रिक्षाचा दिवस दुसरा धरावा लागेल. मग खोलीसाठी फोन. रेल्वेचं आरक्षण 60 दिवस आधी उघडतं, म्हणजे ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात सकाळी तुम्हाला शिकवणीला जायच्या आधी बसावं लागेल. जाण्याचं आणि येण्याचं तिकीट लागोपाठ काढा, आईंचं वय बरोबर भरा आणि खालच्या बर्थची पसंती नोंदवायला विसरू नका.